मोडी वाचणारा रखवालदार

पेनड्राइव्ह लावला, बटण दाबलं, आणि तो टीचभर लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये शिरला. पुन्हा बंद, पुन्हा चालू. बूटच्या मेनूत पेनड्राइव्हचं नावच नाही. तोच पेनड्राइव्ह मित्राच्या लॅपटॉपला लावला, तर मिनिटभरात लिनक्स हजर.

२०१५च्या सुमाराला असे लॅपटॉप बरेच आले होते. पडदा उपसला की टॅबलेट, कीबोर्डात खोवला की लॅपटॉप. आत इंटेलचा ॲटम झेड-३७३५एफ, २ जीबी रॅम आणि बोर्डावरच डकवलेलं ३२ जीबी स्टोरेज. विंडोजच्या अपडेटना त्यात जागा पुरेना, म्हणून माझा माळ्यावर गेला. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चे नेहमीचे अपडेटच थांबले, आणि तो खाली काढायला निमित्त मिळालं. रविवारी सकाळी कोथरूडमधल्या मित्राच्या हॉलमध्ये आम्ही चौघे बसलो. त्यांतले एक, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले काका.

काका दुसऱ्याच्या कीबोर्डला हात लावत नाहीत. "पडद्यावर काय लिहिलंय ते वाच," म्हणतात. "तुला काय वाटतंय ते नको."

घोळ असा होता, की प्रोसेसर ६४ बिटांचा, पण त्याला जागं करणारं फर्मवेअर ३२ बिटांचं. ते पेनड्राइव्हवर 'बूट-आयए-३२' नावाची फाइल शोधतं. माझ्याकडे होती 'बूट-एक्स-६४'. वाडा मोठा, पण दारावरचा रखवालदार फक्त मोडी वाचणारा, त्याला देवनागरी चिठ्ठी दाखवून काय होणार? जुन्या बायोसचं मागचं दारही या यंत्राला नाही. खरं तर लिनक्सच्या कर्नलला ही विजोड जोडी २०१४ साली, ३.१५ पासूनच चालते, आणि डेबियनने २०१५च्या आठव्या आवृत्तीत इन्स्टॉलरमध्येच तिची सोय केली. म्हणजे याच उंबऱ्यावर कुणीतरी आधीच ठेचकाळलं होतं. मला फक्त ठाऊक नव्हतं.

फाइल टाकली, सिक्युअर बूट बंद केलं, आणि मेनू आला. पण कुशीवर झोपलेला! पडदा मुळात उभ्या टॅबलेटचा. चौघांनी माना वाकड्या केल्या. चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थबकल्या. कर्नलच्या ओळीत 'एफबीकॉन=रोटेट:१' जोडल्यावर पुढची अक्षरं उठून बसली, मेनू मात्र तसाच राहिला.

वायफायची चिप दिसेना, तेव्हा फोन केबलने जोडून इंटरनेट घेतलं. तासाभरात सगळं बसलं. रीस्टार्ट केलं, तर काळा पडदा. इन्स्टॉलरने बूटलोडर ६४ बिटांचाच बसवला होता. तोच रखवालदार, तीच चिठ्ठी.

आता नवीन लिनक्स हाताने उठवायचं होतं. पेनड्राइव्हवरच्या ग्रब या बूटलोडरमध्ये 'सी' दाबून, आडव्या पडद्यावर, एकेक अक्षर टाइप करत: कर्नल कुठे आहे, मुख्य पार्टिशन कोणतं. एण्टर मारला आणि कर्नल पॅनिक. "इनिटआरडीची ओळ दिलीस?" काकांनी चष्मा पुसत विचारलं. नव्हती दिली. मूळ डिस्क जोडण्याआधी लागणारी सामग्री त्या फाइलमध्ये असते. ती नसली की कर्नल जागा होतो आणि घरच सापडत नाही. दुसऱ्या खेपेला लॉगिन आलं. मग ३२ बिटांचं ग्रबचं पॅकेज बसवलं, आणि पेनड्राइव्ह काढून टाकला.

जेवून आलो तर यंत्र गोठलेलं. माऊससुद्धा हलेना. या पिढीच्या ॲटमचं हे जुनंच दुखणं: रिकामा बसला की गाढ झोपतो आणि मग उठत नाही. कर्नलला 'इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१' असं बजावलं की तो डुलकीवर भागवतो. बॅटरी जास्त खातो, पण जागा राहतो. हा सौदा मला मान्य आहे.

कॅमेरा अजून चालत नाही. काका म्हणतात, राहू दे तसाच.