घशाखाली न उतरणारा घास

मराठी माणसाने आपल्या गळ्यावर फार गोष्टी सोपवल्या आहेत. अपमान आपण गिळतो, रडू आले की आवंढा गिळतो, घरात दुःख झाले की कुणाच्या घशाखाली घास उतरत नाही. जेवताना ठसका लागला तर घरातली म्हातारी लगेच म्हणते, ‘कुणीतरी आठवण काढली!’ या सगळ्या बोलण्यात एक साधी गोष्ट मात्र आपण विसरतो. गिळणे हे हातापायांच्या कामासारखेच शरीराचे एक काम आहे आणि तेही बिघडू शकते.

परभणी-जिंतूर रस्त्यावरचे बोरी घ्या, नाहीतर मराठवाड्यातले तसेच दुसरे मोठे गाव. इथले जेवण म्हणजे ज्वारीची भाकर, आणि थंडीत शेतावरचा हुरडा. अशा गावातल्या एखाद्या घरी सत्तरी ओलांडलेले आजोबा हळूहळू भाकर कुस्करून खाऊ लागतात. मग ती वरणात भिजवावी लागते. मग कण्या, मग नुसती आंबील. लग्नाच्या पंगतीला ते काहीतरी निमित्त काढून बसत नाहीत. घरचे म्हणतात, वय झाले. शेजारी म्हणतात, दात गेले. सून मनातल्या मनात कष्टी होते, की आपल्या हातचे त्यांना रुचत नाही. आणि खरे कारण गळ्यातल्या एका लहानशा स्नायूत असू शकते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

एका घासाचा प्रवास

वाचता वाचता कंठमण्यावर बोट ठेवा आणि आवंढा गिळा. तो उंचवटा चटकन वर जातो आणि खाली येतो. जेमतेम एका सेकंदात किती कामे उरकतात पाहा. जीभ घास मागे लोटते. मऊ टाळू वर उचलली जाऊन नाकाची वाट बंद करते. श्वास क्षणभर थांबतो, स्वरयंत्र वर सरकते आणि त्यावरचे झाकण मिटते, म्हणजे घास श्वासनलिकेत जायला नको. तीसहून अधिक स्नायू ठरलेल्या क्रमाने हलतात. पहिली हालचाल तेवढी आपल्या मर्जीची. पुढचे सारे मेंदूच्या बुडाशी असलेले केंद्र आपोआप पार पाडते.

घसा संपून अन्ननलिका सुरू होते त्या सीमेवर एक स्नायू कड्यासारखा बसलेला आहे. क्रायकोफॅरिंजियस असे त्याचे लांबलचक नाव. आपण त्याला रखवालदार म्हणू. हा गडी एरवी दार बंदच ठेवतो आणि घास आला की क्षणभर सैल पडतो. त्याच्यामुळे श्वासाबरोबर हवा पोटात शिरत नाही आणि पोटातले सहजी घशात येत नाही.

दार उघडत नाही तेव्हा

वाढत्या वयात हा स्नायू कधी कधी ताठर होतो. पक्षाघात किंवा कंपवातासारख्या आजारांत मेंदूचा हुकूम त्याच्यापर्यंत वेळेवर पोचत नाही. मग वरून घास जोराने येतो आणि दार अर्धवटच उघडते. या कड्याच्या जरा वर, घशाच्या मागच्या भिंतीत, एक त्रिकोणी कच्ची जागा असते. वर्षानुवर्षे दाब बसला की तिथले आतले अस्तर बाहेर फुगते. सायकलच्या झिजलेल्या टायरला चीर पडून आतल्या ट्यूबचा फुगा बाहेर यावा, तसेच हे होते. त्या फुग्याची पुढे पिशवी बनते आणि घास पोटात जाण्याऐवजी तिच्यात जाऊन बसतो.

हा विकार जुना आहे. ब्रिस्टलचे शल्यचिकित्सक अब्राहम लडलो यांनी १७६९ मध्ये अशा एका रुग्णाची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे १८७७ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन येथील फ्रीड्रिख फॉन झेंकर यांनी त्सीम्सेन यांच्यासह २७ रुग्णांचा अभ्यास मांडला. तेव्हापासून तिला ‘झेंकरची पिशवी’ म्हणतात. विकार तसा विरळा. चाळिशीच्या आत तो सहसा दिसत नाही. साठी-सत्तरीनंतर, आणि बायकांपेक्षा पुरुषांत, अधिक आढळतो.

लक्षणे लपलेली नसतात

ती फक्त कुणी जोडून पाहत नाही. पहिले दोन-चार घास नीट जातात आणि मग अडकू लागतात. पाणी पिताना गळ्यात गुडगुड आवाज होतो. जेवून काही तास झाल्यावर, वाकताना किंवा आडवे होताना, खाल्लेले जसेच्या तसे तोंडात येते. त्याला आंबट चव नसते, कारण ते पोटापर्यंत गेलेलेच नसते. पिशवीत अन्न कुजल्याने तोंडाला घाण वास येतो. म्हणून माणूस नातवंडांना जवळ घेताना तोंड फिरवतो. रात्री खोकल्याची उबळ येते, सकाळी उशी ओली दिसते. औषधाची गोळीही कधी पिशवीतच पडून राहते आणि रक्तदाब का आवरत नाही याचे कोडे घरच्यांना पडते.

धोका पुढेच आहे. पिशवीतले अन्न झोपेत श्वासनलिकेत उतरले तर न्यूमोनिया होतो. एकाच म्हाताऱ्या माणसाला तो पुन्हा पुन्हा होत असेल, तर छातीबरोबर गळ्याकडेही पाहिले पाहिजे. वजन घटते, ताकद जाते आणि माणूस खंगत जातो.

मात्र घास अडकण्याचे प्रत्येक कारण पिशवी नसते. अडथळा काही आठवड्यांतच वाढत असेल, आधी भाकर आणि मग पातळ पदार्थही अडू लागले असतील, आवाज बसला असेल, तंबाखूची सवय असेल, तर कर्करोगाची शंका आधी दूर करावी लागते. तिथे एक महिनाही वाया घालवणे परवडत नाही. शरीरात लोह कमी असलेल्या स्त्रियांच्या अन्ननलिकेच्या तोंडाशी कधी पातळ पडदा तयार होतो आणि घास अडतो. लोहाच्या गोळ्यांनी त्यांना पुष्कळदा आराम पडतो, पण तपासणी आणि नंतरची देखरेख चुकवू नये.

एक पांढरा घोट

तपासणी सोपी आहे. रुग्णाला बेरियमचे पांढरे, खडूच्या पाण्यासारखे मिश्रण प्यायला देतात आणि ते उतरत असताना क्ष-किरणांखाली पाहतात. पिशवी असली तर ती पडद्यावर स्वच्छ भरलेली दिसते. पिशवीची शंका असेल तर दुर्बीण किंवा नाकातून नळी घालण्यापूर्वी ही तपासणी होणे बरे. न पाहता घातलेली नळी पिशवीत शिरून तिला भोक पडू शकते. म्हणून वर सांगितलेली लक्षणे डॉक्टरांना आपणहून सांगावीत. पूर्वी आपल्याकडच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयासाठी नांदेड किंवा त्या वेळचे औरंगाबाद गाठावे लागे. २०२३ पासून परभणीतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. सुरुवात गावच्या डॉक्टरांपासून करावी आणि पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

उपचारांची गोष्टही बोधक आहे. आधी शल्यचिकित्सक मानेला छेद देऊन पिशवी काढून टाकत, आणि काहींना ती पुन्हा होई. दोष मुळात दाराचा होता, हे हळूहळू उमगले. तेव्हापासून ताठर स्नायू कापून मोकळा करणे हा शस्त्रक्रियेचा गाभा झाला. स्वीडनच्या डोलमन यांनी १९६० मध्ये तोंडावाटे दुर्बीण घालून, पिशवी आणि अन्ननलिका यांच्यामधली भिंत कापण्याची पद्धत पुढे आणली. १९९३ पासून त्यासाठी टाके मारतच कापणारे यंत्र वापरात आले. आता लवचीक दुर्बिणीतूनही हे करतात. मानेवर छेद नसतो, आणि बहुतेकांना थोड्याच दिवसांत घरी जाता येते. जखमेतून गळती, छातीत जंतुसंसर्ग असे धोके आहेत; ते डॉक्टरांना मोकळेपणी विचारावेत. लहान आणि त्रास न देणाऱ्या पिशवीला हातही लावावा लागत नाही.

पक्षाघाताच्या रुग्णाची गोष्ट निराळी. तिथे दुखणे स्नायूंना हुकूम देणाऱ्या यंत्रणेत असते. अशांना ताठ बसवून, लहान घास देऊन, घाई न करता भरवावे. निजलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. पातळ पाणी सर्वांत वेगाने घरंगळते आणि तेच चुकीच्या वाटेने जाते. गिळण्याचे व्यायाम शिकवणारे वाचा-उपचारतज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात, त्यांचे मार्गदर्शन घ्यावे.

आपल्याकडे माया ताटातून वाढली जाते. ‘अजून अर्धी घ्या’ हा आग्रह म्हणजे आपली आपुलकीची भाषा. म्हणून तर ज्याला गिळता येत नाही तो माणूस अन्नाबरोबर घरातल्या मायेलाही पारखा होतो, आणि संकोचापोटी बोलत नाही. तेव्हा घरातले वडीलधारे ताट अर्धे ठेवून उठले, तर आणखी आग्रह करू नका. जवळ बसा आणि विचारा, ‘आबा, घास नेमका कुठं अडतोय?’ त्यांनी गळ्यावर बोट ठेवले, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.