दोन सागरांस पाणी वाटणारा डोंगर

इंदूरहून मुंबईच्या हमरस्त्याने निघून महू, म्हणजे आजचे डॉ. आंबेडकर नगर, मागे टाकले की माळव्याचे सपाट काळे रान उंचसखल होऊ लागते आणि एक डोंगर मान वर काढतो. हाच जानापाव. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८५० मीटर. १,६४६ मीटरांचे कळसूबाई पाहिलेले आमचे वाचक या आकड्यास कदाचित हसतील! परंतु जानापावचा मोठेपणा उंचीत नसून जागेत आहे.

माळव्याचे पठार येथे संपते. दक्षिणेस विंध्याचा कडा खाली निमाडात, नर्मदेच्या खोऱ्यात, उतरतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून जो काळा पाषाण झाला, ज्याचा सह्याद्री घडला, त्याचाच हाही डोंगर. याच्या उत्तर अंगावर पडलेले पाणी चंबळेतून यमुनेस, यमुनेतून गंगेस आणि शेवटी बंगालच्या उपसागरास मिळते. दक्षिण अंगावरचे पाणी नर्मदेतून अरबी समुद्रास जाते. एकाच सरीतल्या दोन थेंबांची अशी ताटातूट होते.

चंबळ म्हणजे महाभारतातील चर्मण्वती. तिचा उगम येथलाच. माथ्यावरील आश्रम जमदग्नी ऋषींचा व हे परशुरामाचे जन्मस्थान, अशी हिंदू बांधवांची श्रद्धा असून कार्तिकी पौर्णिमेस येथे जत्रा भरते. पुढे सुमारे १,००० किलोमीटर धावणारी ही नदी उगमाजवळ मात्र उन्हाळ्यात कोरडी पडते. यात नवल नाही. हा पाषाण पोटात फारसे पाणी साठवीत नाही. उतारावरील माती व झाडी जेवढे धरून ठेवतील तेवढेच झिरपत राहते. म्हणूनच येथील एकेक झाड तुटणे ही गोष्ट खालच्या गावांतील विहिरींपर्यंत पोहोचते.

इंदूर शहराचा या डोंगराशी संबंध पाण्याचाच. या बाजूने उत्तरेस वाहणाऱ्या गंभीर नदीस होळकरांच्या राजवटीत बांध घालून यशवंतसागर तलाव केला गेला आणि त्यावर शहराची तहान भागू लागली. पण गिरण्या वाढल्या, वस्ती वाढली, तलाव अपुरा पडला. १९७० साली नागरिकांनी नर्मदेच्या पाण्यासाठी मोठे आंदोलन केले आणि १९७८ साली ते पाणी शहरात आले. सुमारे ७० किलोमीटरांवरील जलूद येथे ते नर्मदेतून उचलतात व पंपांच्या बळावर ५०० मीटरांहून अधिक उंच चढवून विंध्याच्या कड्यावरून पलीकडे नेतात. डोंगराने दक्षिणेस सोडून दिलेले पाणी माणूस विजेचे मोल मोजून पुन्हा त्याच कड्यावर ओढून आणतो, आणि हे रात्रंदिवस चालते. जानापावच्या उतारावर मात्र पावसाचे पाणी पूर्वीप्रमाणेच, काही न मागता, दोन दिशांस निघून जाते.