प्रोपेन: टाकीत मावणारा वायू

प्रोपेन हा तीन कार्बन आणि आठ हायड्रोजन अणूंचा, रंग व वास नसलेला वायू आहे. खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून आणि नैसर्गिक वायूवरील प्रक्रियेतून तो मिळतो. भारतातील घरगुती सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण असते. मुंबई हायच्या वायूपासून उरणच्या प्रकल्पात ते तयार होते.

या इंधनाचे खरे मोल त्याच्या सहज द्रव होण्यात आहे. साध्या तापमानाला मिथेन कितीही दाबला तरी द्रव होत नाही. त्याआधी तो उणे 82 अंश सेल्सिअसच्याही खाली थंड करावा लागतो. प्रोपेनला 25 अंशांवर वातावरणाच्या साधारण साडेनऊ पट दाब पुरतो, आणि तेवढा दाब पोलादी टाकी सहज पेलते. एक लिटर द्रवापासून सुमारे 270 लिटर वायू मिळतो. त्यामुळेच पाइपलाइन न पोचलेल्या वाडीवस्तीवरही 14.2 किलोंच्या टाकीवर रांधता येते.

रेग्युलेटर सुरू केला की टाकीतील वरचा वायू बाहेर पडतो, आतला दाब उतरतो आणि खालचा द्रव उकळू लागतो. त्यासाठी लागणारी उष्णता द्रवातून आणि टाकीच्या पत्र्यातून खेचली जाते. लग्नाच्या स्वयंपाकात मोठ्या भट्टीला जोडलेल्या टाकीला बाहेरून घाम सुटतो, कधी हिमही धरते, ते यामुळेच. ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास उकळणे थांबवतो. प्रोपेन उणे 42 अंशांपर्यंत उकळत राहतो. कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशांत म्हणून प्रोपेनच सोयीचा.

फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी 1857 मध्ये प्रोपेन शोधला, पण इंधन म्हणून त्याची ओळख पटायला अर्धशतक गेले. 1910 मध्ये अमेरिकेत वॉल्टर स्नेलिंग यांनी पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वायूंत तो हेरला आणि 1913 मध्ये तो द्रवरूपात साठवण्याच्या पद्धतीचे पेटंट मिळवले.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. त्यामुळे गळलेला वायू वर न जाता फरशीलगत पसरतो. हवेत प्रोपेनचे प्रमाण सुमारे 2 ते 9.5 टक्के असले की ठिणगीही पुरते. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचे मर्कॅप्टन मिसळतात. वास आला तर दिव्याच्या बटणाला हात लावू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात, बाहेर पडावे आणि 1906 या क्रमांकावर कळवावे.