यादीत नसलेला सर्व्हर

नवा सर्व्हर इंटरनेटला जोडला की लॉगमध्ये अनोळखी नोंदी यायला फार वेळ लागत नाही. 'फेल्ड पासवर्ड फॉर रूट', मग 'ॲडमिन', 'टेस्ट', 'ओरॅकल'... इंटरनेटवरचे पत्ते एकामागून एक चाचपत फिरणारे प्रोग्राम रात्रंदिवस हेच करत असतात. मी पुण्यातल्या लहान कंपन्यांचे सर्व्हर सांभाळतो. "आमच्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" असं मालकांनी विचारलं की मी हा लॉग उघडून दाखवतो. त्या प्रोग्रामना तुमची उलाढाल ठाऊक नसते, ते फक्त जुनं सॉफ्टवेअर शोधत असतात.

सॉफ्टवेअरमध्ये दोष सापडला की बनवणारे तो दुरुस्त करणारा पॅच काढतात. पण पॅच जाहीर झाला की दोष नेमका कुठे होता तेही उघड होतं. जुना आणि नवा कोड शेजारी ठेवला की जाणकाराला हल्ल्याची वाट दिसते. म्हणून पॅच आल्यापासून तो लागेपर्यंतचे दिवस सर्वांत धोक्याचे.

अमेरिकेतल्या इक्विफॅक्सची हकीकत मी हाताखालच्या मुलांना तारखांसकट सांगतो. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी ही कंपनी. मार्च २०१७ मध्ये अपाचे स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधला गंभीर दोष जाहीर झाला आणि सोबत पॅचही आला. वेबसाइटकडे जाणाऱ्या विनंतीच्या हेडरमध्ये विशिष्ट मजकूर घुसवला की बाहेरच्या माणसाला थेट सर्व्हरवर हुकूम चालवता येत होता. इक्विफॅक्समध्ये ९ मार्चला ईमेल फिरली: ४८ तासांत पॅच लावा. पण ईमेलची यादी जुनी होती, ज्यांनी पॅच लावायचा त्यांच्यापर्यंत ती पोचलीच नाही. नंतर स्कॅन केला, त्यातही दोष असलेला सर्व्हर सापडला नाही. ग्राहक आपल्या नोंदींबद्दल तक्रार करत त्या पोर्टलमधून १३ मेपासून चोर आत होते. बाहेर जाणारी माहिती तपासणारं उपकरण होतं, पण त्याचं सर्टिफिकेट कधीच संपलेलं, त्यामुळे एन्क्रिप्ट केलेली वाहतूक न तपासताच जात होती. २९ जुलैला नवं सर्टिफिकेट घातलं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. तोवर सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली होती. २०१९ मध्ये कंपनीने किमान साडेसत्तावन्न कोटी डॉलरची तडजोड मान्य केली.

इथे पॅच होता, आदेशही वेळेत निघाला होता. पण आपले कोणते सर्व्हर कुठे आहेत आणि त्यांवर काय चालतं, याची खरी यादी नव्हती. माझ्या मते या कामाचा निम्मा भाग ती यादीच आहे. एखाद्या जाहिरात मोहिमेसाठी उभारलेली साइट, सोडून गेलेल्या माणसाने सुरू ठेवलेला चाचणीचा सर्व्हर, अशीच यंत्रं विसरली जातात.

शिवाय पॅच उतरवून घेतला म्हणजे तो लागू झाला, असं नाही. २०१४ मध्ये ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीत हार्टब्लीड नावाचा दोष निघाला, तेव्हा लायब्ररी बदलूनही वेब सर्व्हर रीस्टार्ट न केल्यास मेमरीत जुनाच कोड चालू राहत होता. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा असलेल्या कर्नलचंही तेच. लाइव्ह पॅचिंगची सोय नसेल तर रीबूटशिवाय नवं कर्नल चालू होत नाही. म्हणून "आमचा सर्व्हर दोन वर्षं एकदाही बंद केला नाही" असं कोणी अभिमानाने सांगितलं की मला काळजी वाटते.

"चालतंय ना, मग कशाला हात लावायचा?" ही भीती खरी आहे, अपडेटने साइट बंद पडल्याचं सगळ्यांनीच पाहिलेलं असतं. म्हणून आधी स्नॅपशॉट घ्यावा, चाचणीच्या यंत्रावर पॅच लावून पाहावा, मग रविवारी पहाटे मुख्य सर्व्हरला हात घालावा. बिघडलंच तर स्नॅपशॉटवर परत जाता येतं.

कंपनी चालवणाऱ्यांना माझी विनंती आहे: इंटरनेटला उघडं असलेलं प्रत्येक यंत्र, त्याची जबाबदारी असलेल्या माणसाचं नाव आणि शेवटच्या पॅचची तारीख याच आठवड्यात लिहून काढा. आणि त्या माणसाला सर्व्हर थोडा वेळ बंद ठेवायची परवानगी आधीच देऊन ठेवा.