आधी वर, मग खाली

बँकॉकच्या सनाम चाय स्थानकातून सरकत्या जिन्यानं मी वर आले आणि बाहेर पडताना पुन्हा चार पायऱ्या खाली उतरले. भुयारी मेट्रोचं दार रस्त्यापेक्षा उंच का, म्हणून मागे वळून पाहिलं. उत्तर तिथेच दिसत होतं. पाऊस कोसळून रस्त्याची नदी झाली, तरी पाणी भुयारात शिरू नये म्हणून आपल्या जुन्या घरांना असतं तसं या स्थानकाला जोतं आहे. शहरातल्या बाकीच्या भुयारी स्थानकांनाही ते आहे.

2016 मध्ये मी इथे आले होते, तेव्हा वाट फोच्या देवळाशी बोटीनं उतरले होते. आठ वर्षांनी त्याच देवळापाशी जमिनीतून वर आले. 2019 मध्ये सुरू झालेला हा मार्ग इथून पुढे चाओ फ्राया नदीच्या तळाखालून पलीकडे जातो. नदीखालचा हा इथला पहिला मेट्रो बोगदा. स्थानकाच्या आतले खांब राजदरबारात शोभावेत असे देखणे आहेत. पण माझ्या मनात राहिल्या त्या दारातल्या पायऱ्या. एवढं बदललेलं शहर समजून घ्यायचं, तर सुरुवात तिथूनच करायला हवी.

बँकॉक समुद्रसपाटीपासून जेमतेम दीड मीटर उंच. काही हजार वर्षांपूर्वी इथे समुद्रच होता. तो हटला आणि मागे दहा-पंधरा मीटर जाडीचा मऊ, चिकट गाळ राहिला. त्यावर काय होतं, ते पाहायचं तर वाट साकेत देवळाच्या सोनेरी टेकडीवर जावं. तिसऱ्या रामानं, 1824 ते 1851 दरम्यान राज्य करणाऱ्या राजानं, तिथे प्रचंड स्तूप बांधायला घेतला. विटांचं ओझं जमिनीला पेललं नाही आणि स्तूप ढासळला. उरलेल्या ढिगावर झाडं-झुडपं वाढली. पुढच्या राजांनी त्याच ढिगाला आकार देऊन माथ्यावर छोटा सोनेरी स्तूप उभारला. सपाट शहरातली ही टेकडी म्हणजे एक कोसळलेली इमारत आहे! आज काचेचे मनोरे उभे राहतात, कारण त्यांचे खांब गाळ ओलांडून खालच्या घट्ट माती-वाळूत खोलवर रोवलेले असतात.

1782 मध्ये इथे राजधानी वसली, तेव्हा रहदारी पाण्यातूनच होती. दगड नसलेल्या या सखल मुलखात रस्ता करायचा कसा? युक्ती अशी, की कालवा खणायचा आणि निघालेली माती शेजारी रचायची. पाण्याला वाट मिळते आणि माणसांना उंच बांध. आज बँका आणि हॉटेलांनी गजबजलेला सिलोम रस्ता असाच जन्मला. पुढे मोटारी वाढल्या आणि ज्या कालव्यानं रस्त्याला माती दिली, तोच बुजवून रस्ता रुंद केला. अशा कितीतरी ‘ख्लोंग’ म्हणजे कालव्यांवर आज डांबर आहे.

पाण्याच्या वाटा बुजत होत्या आणि त्याच काळात जमिनीखालचं पाणीही उपसलं जात होतं. कारखाने आणि वसाहती खोल विहिरींवर चालत. वाळूच्या थरांतलं पाणी गेलं, की दाब उतरतो आणि वरचा गाळ पिळलेल्या स्पंजासारखा आवळतो. 1980च्या सुमारास पूर्वेकडच्या काही भागांत जमीन वर्षाला दहा सेंटिमीटरहून जास्त खचत होती. खोल खांबांवरची इमारत जागेवर राहते, पण तिच्यापुढचा पदपथ खाली जातो. म्हणून जुन्या इमारतींच्या उंबऱ्याशी मागाहून जोडलेल्या पायऱ्या दिसतात. उपशावर बंधनं आली, पाण्याला शुल्क लागलं, तेव्हा खचण्याचा वेग खूप मंदावला. थांबला मात्र नाही.

मोटारींनी रस्ते तुंबले, तसं शहर हवेत गेलं. 5 डिसेंबर 1999 रोजी खांबांवरची ‘स्कायट्रेन’ धावू लागली. मी नव्हते तेवढ्या वर्षांत तिची टोकं दूर उपनगरांपर्यंत गेली आणि 2023 मध्ये दोन मोनोरेलही आल्या. डब्यात घोषणा होते, ‘सथानी तो पाय’, म्हणजे पुढचं स्थानक. ‘सथानी’ ऐकून मराठी कान टवकारतातच. मग ‘छाय समोराफूम’ येतं, म्हणजे आपली ‘जय समरभूमी’. मग ‘असोक’, आपला अशोक. या शहराचं अधिकृत लांबलचक नाव पाली-संस्कृत शब्दांनी भरलेलं आहे. इंद्रानं दिलेलं आणि विश्वकर्म्यानं उभारलेलं नगर, असा त्याचा शेवट होतो. गाळावर उभं राहणाऱ्या शहरानं विश्वकर्म्याची आठवण ठेवली, हे मला फार मनापासून पटतं.

या वेळी मला सगळ्यात जास्त आनंद दिला तो बेंजाकिती उद्यानानं. जुन्या तंबाखू कारखान्याच्या सुमारे शंभर एकरांवर 2022 मध्ये पाणथळ वन खुलं झालं. तळ्यांत छोटी छोटी बेटं, बेटांवर झाडं, वरून चालायला उंच पूल. पाऊस आला, की तळी फुगतात आणि पाणी तिथेच थांबतं. चुलालोंगकोर्न विद्यापीठाच्या जमिनीवरचं 2017 मधलं उद्यान तर मुद्दाम उतारावर रचलंय. पाणी घरंगळत खालच्या तळ्यात जावं आणि सुमारे अडतीस लाख लिटर तरी धरून ठेवता यावं, म्हणून. कालवे बुजवणारं शहर आता पाण्याला पुन्हा जागा करून देतंय.

शेवटच्या संध्याकाळी सोनेरी टेकडीजवळच्या फान फा धक्क्यावरून मी सेन सेप कालव्याची बोट धरली. हा कालवा 1837 मध्ये खणायला घेतला, फौजा आणि रसद पूर्वेला नेण्यासाठी. आता त्यातून नोकरदार घरी जातात. बोट वेग घेते, तसे कडेचे प्रवासी दोरी ओढून ताडपत्री वर करतात, म्हणजे काळं पाणी अंगावर उडत नाही. तिकीट देणारी बाई शिरस्त्राण घालून बोटीच्या बाहेरच्या अरुंद काठावरून सराईतपणे चालत येते. हुआ छांगच्या पुलापाशी डोक्यावरून स्कायट्रेन गेली. प्रतुनामला बोट बदलली. असोकच्या धक्क्यावर उतरले, तेव्हा ध्यानात आलं, की भुयारी मेट्रो इथे कालव्याच्या तळाखालून जाते. सैन्याचा कालवा, त्यावरून घरी जाणारी बोट, तिच्याखाली गाळातून सरकणारी गाडी.

स्थानक दोन मिनिटांवर होतं. दारात शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेला एक मुलगा माझ्यापुढे टुणटुण उड्या मारत पायऱ्या चढला आणि सरकत्या जिन्यानं खाली गेला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नसावं. मी प्रत्येक पायरी मोजत चढले.