रस्त्याकडेची फुले: चंद्रपूर-गडचिरोलीतील साइडपट्ट्यांचा मागोवा

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत डांबराची कड जिथे संपते आणि सागवनाची पहिली रांग जिथे सुरू होते, त्यांच्यामधल्या काही फुटांच्या पट्टीला सार्वजनिक बांधकाम विभागात साइडपट्टी म्हणतात. दाट जंगलात जमिनीपर्यंत ऊन पोहोचत नाही. या पट्टीवर ते भरपूर मिळते. म्हणून पावसाळ्यात आतल्या रानापेक्षा रस्त्याकडेलाच फुले जास्त दिसतात. आषाढात केन्याची निळी फुले येतात. श्रावणात कळलावी झुडपांचा आधार घेत वर चढते आणि तिच्या पाकळ्या पिवळ्याच्या लाल होतात. भाद्रपदात तरोट्याचा पिवळा आणि त्यामागून कुर्डूचा गुलाबी-पांढरा पट्टा मैलोगणती चालतो. फाल्गुनात पळस आणि धायटी, वैशाखात बहावा.

यातली बरीच झाडे पोटापाण्याचीही आहेत. पहिल्या पावसानंतर तरोट्याचा कोवळा पाला खुडून घरोघरी भाजी होते, कुड्याच्या फुलांचीही होते, आणि कडेच्या काटेरी झुडपांवरची काटवले बाजारात येतात. हिवाळ्यात तरोट्याचे बी गोळा करून विकले जाते. या पट्टीला ‘पडीक’ म्हणणे म्हणूनच चुकीचे आहे.

जुन्या चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर-गडचिरोली, भागातले जंगलरस्ते बहुतेक मुरमाचे. त्यांची देखभाल मैलकुलींच्या, म्हणजे रस्त्यावरच्या सरकारी मजुरांच्या, हाती असे, आणि हत्यारे विळा, कुदळ, घमेले एवढीच. विळ्याने गवत वरून कापले जाते. मुळे, कंद आणि मातीत पडलेले बी जागच्या जागी राहते. १९८२ मध्ये गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, आणि २००९ मध्ये नक्षलग्रस्त जिल्ह्यांसाठी केंद्राने मंजूर केलेल्या रस्तेबांधणीत त्याचा समावेश झाला. दुर्गम गावांना रस्ते हवेच होते, त्यात दुमत नाही. पण रुंदीकरणाबरोबर साइडपट्टीचे काम जेसीबीकडे गेले. जेसीबीचे दात गवताबरोबर वरची सुपीक मातीही खरवडतात, आणि त्या जागी दुसरीकडून खणून आणलेला मुरूम पसरला जातो.

उघड्या पडलेल्या अशा जमिनीवर सगळ्यांत आधी गाजरगवत येते. १९५५ मध्ये पुण्यात नोंदले गेलेले हे अमेरिकन तण पुढे देशभर पसरले. एका झाडाला हजारो हलक्या बिया येतात. वारा, पाणी, मुरूम आणि वाहनांची चाके त्या पुढे नेतात. गुरे ते खात नाहीत, माणसांना त्याने त्वचेचे आणि श्वासाचे विकार होतात. रानतुळस आणि घाणेरी हीसुद्धा अमेरिकेतून आलेली, मोकळ्या कडेला झपाट्याने वाढणारी झाडे. गाजरगवताशी टक्कर देऊ शकणाऱ्या मोजक्या वनस्पतींत तरोट्याचे नाव येते. त्याचे बी फेकून गाजरगवत दाबावे, असा सल्ला जबलपूरचे तण संशोधन केंद्र देते. तरीही पावसाळा सरताच साइडपट्ट्यांची कामे निघतात, आणि शेंगा हिरव्या असतानाच तरोटा उपटला जातो. फुकट मिळालेला पहारेकरी आपल्याच हाताने घालवण्यासारखे हे आहे.

झाडे लावण्याकडे मात्र लक्ष गेले. १९८२ पासून सामाजिक वनीकरण विभागाने रस्त्यांच्या कडेने रोपे लावली, त्यांत सुबाभूळही होती. २०१५ च्या हरित महामार्ग धोरणाने प्रकल्पखर्चाचा एक टक्का वृक्षलागवडीसाठी ठेवला. २०१६ ते २०१९ या काळात राज्याच्या लागवड मोहिमेचे उद्दिष्ट दोन कोटींवरून तेहेतीस कोटींवर गेले. या हिशेबांत खड्डे आणि रोपे मोजली जातात. आपोआप उगवणाऱ्या फुलांसाठी त्यांत रकाना नाही.

वनविभागाची जाळरेषा ही याच कडेची दुसरी रीत. १५ फेब्रुवारीला वणव्याचा हंगाम सुरू होण्याआधी रस्त्यालगतचे वाळले गवत कापून आटोक्यात जाळले जाते. तोवर बहुतेक बी जमिनीवर पडलेले असते, कळलावीचे कंद मातीखाली निपचित असतात. आगीने वरचा वाळका भाग जातो, पण कंद पावसात पुन्हा फुटतात. जेसीबीने उपसलेल्या कंदाला ती संधी मिळत नाही.

कड साफ ठेवण्याला सबळ कारणही आहे. ताडोबाभोवती वाघ, रानगवे, चितळे रस्ता ओलांडतात आणि दाट घाणेरीआडून आलेले जनावर चालकाला ऐनवेळी दिसते. प्रश्न उरतो तो कापण्याच्या वेळेचा आणि उंचीचा. अमेरिकेतील टेक्सास राज्याच्या महामार्ग खात्याने १९३० च्या दशकातच रानफुलांचा बहर संपेपर्यंत कडेची कापणी लांबवायला सुरुवात केली. चंद्रपूर-मूल किंवा आलापल्ली-भामरागड रस्त्यावर वळणांपाशी आणि प्राण्यांच्या वाटांवर भाद्रपदातही गवत कापावे लागेल. सरळ पट्ट्यात, माती न खरवडता, ते काम मार्गशीर्षापर्यंत थांबवता येते. तोवर तरोट्याच्या शेंगा वाळून तडकलेल्या असतात.