दुर्बीण निघाली सड्यावर!

पावसच्या एखाद्या वाडीत रात्री मान वर करा. काय दिसतं? माडाच्या झावळ्या, आंब्याची कलमं आणि त्यांच्या फटींतून आकाशाचे तुकडे. अख्खं आकाश हवं तर सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर चढायला हवं. तिथे कातळावर ना झाड, ना आडोसा! म्हणून आपली दुर्बीण हवी हलकी, दोन तुकड्यांत सुटणारी आणि पिशवीत घालून सड्यावर नेता येणारी.

आधी भिंगं आणू. चष्म्याच्या दुकानात ‘प्लस वन’ नंबरची, न कापलेली गोल काच मागा. ती दूरचा प्रकाश १ मीटरवर एकवटते. दुसरं भिंग घड्याळजी डोळ्याला लावतात ते, पाचपट मोठं दाखवणारं. त्याचं हेच अंतर ५ सेंटिमीटर. आता १०० भागिले ५ करा. चंद्र दिसणार २० पट मोठा!

दोन्ही भिंगांमध्ये साधारण १०५ सेंटिमीटर अंतर राखायचं आणि त्यांना एका रेषेत धरायचं, हे नळीचं काम. पुठ्ठा कोकणच्या दमट हवेत मऊ पडतो, म्हणून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या. मोठ्यांकडून ५० आणि ४५ सेंटिमीटरचे तुकडे कापून घ्या आणि कपलिंगने जोडा. आतून चकाकी नसलेला काळा कागद लावा, म्हणजे इकडचातिकडचा उजेड चित्र फिकं करणार नाही. पुढे मोठी काच बसवा. मागे फोमचं बूच, त्यातून सरकणारी कागदाची नळी आणि तिच्या बाहेरच्या टोकाला छोटं भिंग. नळी पुढेमागे केली की चित्र स्पष्ट होतं.

मोठ्या काचेपुढे ३ सेंटिमीटर भोकाची पुठ्ठ्याची चकती लावा. चित्राभोवतीची रंगीत झालर कमी होते. प्रकाश घटेल ना? घटतो, तरी पुरतो! अंधारात आपल्या डोळ्याची बाहुली फार तर ७ मिलिमीटर उघडते. हे भोक तिच्या सुमारे १८ पट प्रकाश आत घेतं. गॅलिलिओनेही भिंगापुढे अशीच चकती लावली होती.

सूर्याकडे मात्र दुर्बीण कधीच रोखायची नाही. डोळा कायमचा जाऊ शकतो.

दिवाळीनंतर आभाळ निवळलं की मोठ्या माणसांबरोबर सड्यावर जा. गडग्यावर, म्हणजे दगडी बांधावर वाळूची पिशवी ठेवून तिच्यावर नळी टेकवा, म्हणजे थरथर थांबेल. चंद्र उलटा दिसेल. घाबरू नका, दोन बहिर्गोल भिंगांच्या दुर्बिणीत असंच दिसतं. ही रचना केप्लरने १६११ साली मांडली.

मग गुरू शोधा. त्याच्या शेजारी एका ओळीत चार बारीक ठिपके दिसतील. ते त्याचे चंद्र. गॅलिलिओने ते जानेवारी १६१० मध्ये पाहिले आणि सगळं काही पृथ्वीभोवतीच फिरत नाही, हे त्याला कळलं. रोज रात्री ठिपक्यांच्या जागा वहीत काढा. आयो नावाचा चंद्र दोन दिवसांच्या आत फेरी पुरी करतो, त्यामुळे कालचं चित्र आज जुळणार नाही. एखाद्या रात्री चारऐवजी तीनच ठिपके दिसले, तर चौथा कुठे गेला असेल, ते तुम्हीच शोधून काढा!